लेकीच्या नोकरीबद्दल

पुणे, रविवार

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

'एम.एस्सी. झालेली पोरगी पीएचडी सोडून टेक्निशियनची नोकरी धरतेय, तू तरी समजाव' असं लिहिलंयस. लेका, ज्याची हयात प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये गेली त्यालाच हे सांगतोस? राग नाही, पण समजावणार आहे ते तुला.

सायंटिस्टने डोकं चालवायचं आणि टेक्निशियनने हात, असं तुझ्या मनात दिसतंय. १९०८ मध्ये मँचेस्टरला रदरफर्ड या भौतिकशास्त्रज्ञाला दाखवून द्यायचं होतं की किरणोत्सर्गी पदार्थातून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमच. त्यासाठी रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू भरायला अशी काचेची नळी हवी होती, की अल्फा कण तिच्या भिंतीतून पार व्हावेत, वायू मात्र जराही झिरपू नये, आणि वर हवेचा दाबही तिने सोसावा. ऑटो बाउमबाख या काचकाम करणाऱ्या कारागिराने ती फुंकून दिली. भिंतीची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून कमी! मी काच तापवलेली आहे म्हणून सांगतो, एवढी पातळ काच ज्योतीत अंमळ जास्त राहिली की आक्रसून तिचा गोळा होतो. ती कधी बाहेर काढायची हे ठरवायला डोकं लागत नाही म्हणतोस?

ही नळी दुसऱ्या, मोठ्या नळीत बसवली होती. त्या बाहेरच्या नळीत जमलेला वायू सहा दिवसांनी तपासला, तर वर्णपटात, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, हेलियमच्या ओळखीच्या रेषा हजर. आतल्या नळीत नुसता हेलियम भरूनही पाहिला. तो बाहेर आला नाही, गळतीची शंका मिटली.

ही खबरदारी आणि मुळातला प्रश्न मात्र रदरफर्डचाच हं. श्रेय त्याला आणि त्याचा सहकारी रॉइड्सला गेलं, ते रास्तच. 'सगळं आम्हीच करतो, साहेब नुसते सह्या करतात' असं आमच्यातले काही म्हणतात, ते मला कधीच पटलं नाही.

पण पुढे काय झालं बघ. पहिल्या महायुद्धाच्या काळात अणूच्या रचनेसाठी गाजलेला शास्त्रज्ञ नील्स बोर मँचेस्टरलाच होता. त्याच्या एका प्रयोगासाठी बाउमबाखने क्वार्ट्झचं मोठं किचकट उपकरण घडवलं. ते ज्या आधारावर बसवलं होतं त्यानेच पेट घेतला आणि सगळं खलास. पुन्हा करणार कोण? बाउमबाख पडला जर्मन, त्यातून तोंडाचा फटकळ. मायदेशाच्या बाजूने तावातावाने बोलायचा, म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलेलं. बोरसारख्या माणसाला प्रयोग सोडून द्यावा लागला.

बढतीची तुझी काळजी मात्र खरी आहे. शास्त्रज्ञांची आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांची शिडी वेगळी, आणि आमची आखूड. तेव्हा जागा कायम आहे की प्रोजेक्टपुरती, कोणतं उपकरण तिच्या ताब्यात राहील, काम केलं तर पेपरवर नाव येतं की नुसते आभार, हे तिने रुजू होण्याआधीच विचारून घ्यावं. प्रोजेक्टपुरतीच असेल तर मीच तिला दोनदा विचार कर म्हणेन. पुढच्या आठवड्यात तिला इकडे पाठव, लेथ आणि व्हॅक्यूम पंप दाखवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता