हे त्यांना कोणी सांगितलं?

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, अमेरिकेतली लुईस-क्लार्कची मोहीम चौथीच्या पोरांना शिकवतात तरी कशी, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते सांगून झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तुझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, तेव्हा तुझं मतही मला हवंच आहे.

आधी काळ लक्षात यावा म्हणून सांगते. १८०३ साली, म्हणजे आपल्याकडे असईची लढाई झाली त्याच वर्षी, अमेरिकेने फ्रान्सकडून लुईझियाना नावाचा अवाढव्य मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला. तिथे राहणाऱ्या लोकांना यात कोणी विचारलं नव्हतं. मिसूरी नदीने वर जाऊन प्रशांत महासागरापर्यंत जलमार्ग सापडतो का, ते पाहायला अध्यक्ष जेफरसन यांनी मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांना धाडलं. मे १८०४ मध्ये ते निघाले आणि सप्टेंबर १८०६ मध्ये परतले. फळ्यावर तारखा एवढ्याच पुरतात.

खरी गडबड होते ती नकाशामुळे. मुलांना दिला जातो तो पांढराफटक कागद, त्यावर सेंट लुईस गावापासून समुद्रापर्यंत एक लाल रेघ. तिथे माणूसच नव्हता असं मग त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं, आणि पुढे कितीही सांगा, ते निघत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी वहीत तीन रकाने आखायचे: त्यांनी काय पाहिलं, काय मोजलं, आणि हे त्यांना कोणी सांगितलं. तिसरा रकाना भराभर भरत जातो. मॅन्डन, हिदात्सा, शोशोनी, नेझ पर्स हे तिथले मूळ रहिवासी. डोंगरांपर्यंतच्या मुलखाचा कच्चा नकाशा जानेवारी १८०५ मध्ये मॅन्डन प्रमुख शेहेकेने क्लार्कला दिला. वाटेत मोठे धबधबे लागतील हे हिदात्सांनी सांगितलं होतं. घोडे शोशोनींकडून मिळाले, डोंगरातला वाटाड्याही त्यांचाच. झाडाचं खोड जाळून पोखरत होडी करायची रीत नेझ पर्स लोकांची. मॅन्डन-हिदात्सांच्या पाच गावांत मिळून तेव्हाच्या सेंट लुईसपेक्षा जास्त वस्ती होती, हे ऐकल्यावर मुलं आपण होऊन नकाशावर घरं काढायला लागतात.

मोजणीचा पाठ मैदानावर घ्यायचा. सरळ रेषेत १०० फूट टेपने आखायचे आणि प्रत्येक मुलाने ते तीनदा चालायचं. उजवा पाय टेकला की एक, असं मोजायचं. साधारण २५ आले, तर एक जोडपाऊल ४ फुटांचं. मग सहा ठिकाणी खुणा ठेवून एका खुणेकडून दुसरीकडे होकायंत्राने दिशा घ्यायची, पावलं मोजायची, लिहायचं. वर्गात आल्यावर चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे २० फूट धरून मार्ग काढायचा. कोनमापक या वयात नीट हाताळता येत नाही. त्यापेक्षा १६ दिशांचं छापलेलं वर्तुळ कागदावर ठेवलेलं बरं. फिरून मूळ जागी आलेला मार्ग कागदावर मात्र जुळत नाही. दोन-तीन चौकटींची फट राहतेच. कोणी तारेच्या कुंपणाला टेकून दिशा घेतलेली असते आणि सुई लोखंडाकडे ओढली गेलेली असते. कोणी गप्पा मारताना पावलं विसरतं आणि अंदाजाने आकडा टाकतं. शेवटच्या टप्प्यात तर सगळेच पळतात. ती फट खोडू द्यायची नाही. तिथेच बाजूला कारण लिहायला लावायचं. क्लार्कने अशाच दिशा आणि अंदाजी अंतरं लिहीत अख्खा खंड पार केला, हे त्यानंतरच सांगावं. आधी सांगितलं तर त्याची किंमत कळत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो मक्याचा पाठ. पहिला हिवाळा लुईस-क्लार्कच्या तुकडीने मॅन्डनांच्या शेजारी किल्ला बांधून काढला. डिसेंबरात पारा शून्याखाली ४५ फॅरनहाइटवर गेला होता. धान्य संपत आलं तेव्हा लोहाराने जळून निकामी झालेल्या लोखंडी पत्र्याचे तुकडे करून विकले. चार इंच चौरस तुकड्याला सात ते आठ गॅलन मका! वर्गात पुठ्ठ्याचा चार इंचांचा चौकोन कापून टेबलावर ठेवायचा आणि शेजारी दुधाचे एकेक गॅलनचे सात रिकामे कॅन. मुलं लगेच ओरडतात, “फसवलं!” मग विचारायचं, कोणी कोणाला? पत्र्याची बाणांची टोकं आणि कातडी खरवडायची हत्यारं होत होती, आणि या मक्यावाचून किल्ल्यातल्यांचे हाल झाले असते. इथे घाई करू नये, निदान वीस मिनिटं मुलांना भांडू द्यावं.

लुईसची लोखंडी सांगाड्याची नाव का गळली, हा विज्ञानाचा तास. सांगाड्यावर कातडी शिवून ताणली होती, पण शिवणीची भोकं बुजवायला पाइनचा डिंक मिळेना. कोळशाची पूड, मेण आणि चरबीचा लेप दिला, तो सोलून निघाला. रेनकोटच्या कापडाचे दोन तुकडे जाड सुईने शिवून वाडग्यावर ताणायचे, पेलाभर पाणी ओतून थेंब मोजायचे. मग शिवणीवर मेण घासून पुन्हा मोजायचे. गळणं कमी होतं. शेवटी शिवण पाच-सहा वेळा दुमडायची. मेणाला तडे जातात आणि पुन्हा गळतं.

मोहिमेसोबत गेलेल्या सॅकाजविया या शोशोनी मुलीला सगळे वाटाडी म्हणतात. ती मुख्यतः दुभाषी होती, सोळा-सतरा वर्षांची, पाठीवर दोन महिन्यांचं बाळ. यॉर्क हा क्लार्कचा गुलाम. तो सगळ्यांच्या बरोबरीने राबला, पण परतल्यावर बाकीच्या पुरुषांना पगार आणि जमीन मिळाली, त्याला ना पैसा ना सुटका. नऊ वर्षांच्या मुलाला हे जड जाईल म्हणून काही जण गाळतात. मला ते पटत नाही. अन्याय मुलांना लवकर कळतो.

कागदी पिसांचे मुकुट घालून नाटक मात्र करू नये. मॅन्डन आणि हिदात्सा आजही नॉर्थ डाकोटात फोर्ट बर्थोल्ड या त्यांच्या राखीव मुलखात राहतात, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिताना “राहत होते” दिसलं की तिथे “राहतात” करून घ्यायचं.

आई, तिसरीला ‘आपला जिल्हा’ शिकवताना तू शाळेच्या आवाराचा नकाशा करून घ्यायचीस. प्रमाण समजत नाही अशा मुलांना तू कुठून सुरुवात करून द्यायचीस, ते सवडीने लिहून कळव. मैदानावरच्या पाठात माझं घोडं तिथेच अडतं. बाबा, गुडघ्याला शेक घेताय ना?

तुमची,
मनू