ढोल-ताशाचा सराव आणि अकरावी

संपादक महोदय,

सांगलीत ढोल-ताशा पथकांचा सराव आणि अकरावीचे प्रवेश एकाच वेळी येतात. नव्या वादकांनी आधी प्रवेश पक्का करावा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात; सराव आठवडाभर उशिरा सुरू झाला तरी चालतो.

कानांचं मात्र कुणी मनावरच घेत नाही! ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सुरक्षित मानतात, १०० डेसिबलचा जेमतेम १५ मिनिटं. कापसाचे बोळे पुरत नाहीत. फोमचे इअरप्लग बोटांनी बारीक वळून, कान वर ओढून आत बसवावेत आणि फुगेपर्यंत दाबून धरावेत. पथकप्रमुखांनी हे सक्तीचं करावं, ताशेवाल्यांना तर पहिल्या दिवसापासून.

– ढोल-ताशा प्रशिक्षक, सांगली