चि. ओंकारला पत्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "चेंडू हेल्मेटलाच लागला बाबा, काही झालं नाही," आणि विषय बदललास. कूस बदलली की तुला अजून गरगरतं, हे मला आईकडून कळलं. तेव्हापासून ॲडम ग्रीनबर्ग डोक्यातून जात नाही.

हा अमेरिकेतला बेसबॉलपटू, आउटफिल्डर. म्हणजे आपल्याकडे सीमारेषेजवळ उभा राहतो तसा. २००२ मध्ये शिकागो कब्ज या मोठ्या लीगमधल्या संघाने त्याला घेतलं. छोट्या लीगमध्ये घासून घासून ९ जुलै २००५ ला मोठ्या संघाकडून पहिली संधी मिळाली, फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध, नवव्या डावात बदली फलंदाज म्हणून. पहिलाच चेंडू, ताशी ९२ मैल, डोक्याच्या मागच्या बाजूला बसला. हेल्मेट होतं रे त्यालाही! डोकं फुटलंय असं वाटून त्याने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. धावायला दुसऱ्याला पाठवावं लागलं.

बेसबॉलमध्ये चेंडू अंगाला लागला तर पहिला बेस, म्हणजे धाव काढण्याच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट मिळतो; पण ती पाळी अधिकृत 'ॲट-बॅट' म्हणून धरत नाहीत. म्हणजे नोंदीत सामना त्याच्या नावावर होता, पण 'ॲट-बॅट' एकही नव्हता.

पुढे चक्कर आणि डोकेदुखीने त्याची पाठ सोडली नाही. कब्जनी सोडलं, मग तो या संघातून त्या संघात फिरत राहिला. २०११ मध्ये अटलांटिक लीगमध्ये ज्याचा चेंडू त्याला लागला होता तोच पिचर, म्हणजे गोलंदाज, व्हॅलेरिओ दे लॉस सांतोस, पुन्हा समोर आला, आणि ॲडमने त्याला सिंगल मारली, म्हणजे चेंडू टोलवून पहिला बेस गाठला. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी एका चाहत्याने मोहीम चालवली आणि २ ऑक्टोबर २०१२ ला मार्लिन्सनीच त्याला एका दिवसाचा करार दिला. समोर पिचर आर. ए. डिकी, त्या मोसमात वीस सामने जिंकलेला. तीन चेंडूंत ॲडम बाद. मोठ्या लीगच्या आउटफिल्डमध्ये तो एकदाही उभा राहिला नाही.

तू पुन्हा नेट्समध्ये उतरणार, हे मला माहीत आहे; मी अडवणारही नाही. पण आधी डोक्याच्या डॉक्टरांना दाखव, आणि गरगरतं ते त्यांच्यापासून लपवू नकोस. संघातली जागा जाईल म्हणून गप्प बसू नकोस, बाळा. मी शनिवारी सकाळच्या एसटीने येतोय. दोघे मिळून जाऊ.

तुझा,
बाबा