त्या अनोळखी मंडळींचे मनापासून आभार

क्रूझवर कप्तानाचं कौतुक सगळेच करतात, पण आमचे आभार खालच्या मंडळींना. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीतून उतरावं लागतं. लाट बोटीला वर उचलते नेमक्या त्या क्षणी आईचा दंड धरून तिला अलगद पलीकडे नेणारे ते दोघे खलाशी! अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरचा संगमरवर तर पावलांनी झिजून गुळगुळीत झालेला. इ.स.पू. ४४७ मध्ये बांधायला घेतलेलं पार्थेनॉन मंदिर बघायचं की पाय सांभाळायचे? एका बाईंनी स्वतःची काठी आईला दिली आणि त्या नवऱ्याच्या खांद्याला धरून उतरल्या. रोमहून चिवितावेक्किया बंदरात जहाजाकडे परतताना बस कोंडीत अडकली, तेव्हा जहाजाला सतत फोन लावत राहिलेल्या गाइड ताईंचेही आभार. घाईत तुमचा धड निरोपही घेता आला नाही.