श्वासातल्या ऑक्सिजनचे पाणी होते

महोदय,
कालच्या पुरवणीतला पेशीश्वसनावरचा लेख वाचला. मुलांसाठी इतक्या सोप्या मराठीत कोणी लिहिते याचा आनंदच आहे. पण ‘आपण घेतलेला ऑक्सिजन कार्बनशी जुळून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो’ हे वाक्य छापण्याआधी कोणी तपासले नाही का?

याच समजुतीपायी माझ्या मुलीचे दोन गुण गेले होते. दहावीच्या चाचणीत ‘पेशीत ऑक्सिजनचे शेवटी काय होते?’ याला तिने ‘पाणी’ असे उत्तर लिहिले. त्यावर लाल फुली. मी पेपर घेऊन शाळेत गेले, तर ‘मग उच्छ्वासातून बाहेर पडते ते काय?’ असे मलाच विचारले गेले. पोर दोन दिवस आपलेच चुकले म्हणून पुस्तक चाळत बसली होती.

तिचे बरोबर होते. कार्बन डायऑक्साइड सुटतो तो साखर फुटून झालेले पायरुवेट तुटताना आणि पुढे क्रेब चक्र नावाच्या अभिक्रियांच्या फेऱ्यात. त्यातला ऑक्सिजन अन्नातला आणि पाण्यातला असतो. श्वासातला ऑक्सिजन, जवळजवळ सगळा, खर्ची पडतो तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाच्या, आतल्या पटलावर, तिथल्या प्रथिनांच्या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात तिथवर येतात. ऑक्सिजन ते घेतो, सोबत हायड्रोजनचे आयन घेतो आणि त्याचे पाणी होते. या प्रवासात मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेवरच पुढे एटीपी, म्हणजे पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणारे रसायन, तयार होते. शेवटी घेणाराच नसेल तर मागची सारी रांग खोळंबते. सायनाइड नेमके हेच टोक बंद करते; रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही आणि माणूस दगावतो. ‘अन्न जळते’ एवढ्यावर भागवले तर मुलांना हे कसे उमगणार?

आणखी एक. १९२९ साली एटीपी शोधणारे म्हणून लेखात फक्त जर्मनीचे कार्ल लोहमान आहेत. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत ते स्वतंत्रपणे शोधणारे येल्लाप्रगडा सुब्बाराव भीमावरमचे, आपल्या देशातले. त्यांच्यासाठी एक ओळ द्यायला हवी होती.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी ही विनंती. मुलगी आता बारावीला आहे. ते कात्रण मला तिच्या हातात द्यायचे आहे.

– एक पालक, सातारा