फेरफार केलेल्या मोटारींवरील कारवाई

महोदय,

मूळ सायलेन्सर काढून मोकळा पाइप बसवलेल्या किंवा इंजिनाच्या संगणकीय प्रणालीत फेरफार करून ताकद वाढवलेल्या मोटारींवर वाहतूक पोलीस दंडात्मक कारवाई करतात, ती योग्यच आहे. रात्री अशी एक गाडी गल्लीतून गेली तरी आजारी माणसांची आणि तान्ह्या मुलांची झोपमोड होते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलांत मनमानी बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या निकालात हीच भूमिका घेतली आहे.

मात्र कारवाई करताना केवळ कानावर विसंबू नये. मोटारींची आवड मलाही आहे, म्हणून सांगतो की काही वेगवान गाड्यांचा कारखान्यातून आलेला आवाजही भारदस्त असतो. तेव्हा तो यंत्राने मोजून चलनावर आकडा नोंदवावा, म्हणजे निर्दोष मालकाला भुर्दंड पडणार नाही. कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड होऊ शकतो, पण ते काम पैसे घेऊन करून देणारे गॅरेज बहुधा मोकळेच राहते. परिवहन विभागाने आणि पोलिसांनी या गॅरेजांचीही तपासणी सुरू करावी, ही विनंती.

— एक वाहनचालक, पुणे