वॉल्टनची पत्रे गाळू नयेत

महोदय,

कादंबरीत एका निवेदकाने दुसऱ्याची आणि दुसऱ्याने तिसऱ्याची हकिकत सांगायची, ही रचना म्हणजे मूळ कथा लांबवण्याची युक्ती आहे, असा समज वाचकांत बराच रूढ आहे. गोष्ट खरी वाटावी म्हणून लेखक ही सोय करतो, असेही सांगितले जाते. मेरी शेली यांच्या १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेनस्टाइन’ला मात्र हे उत्तर पुरे पडत नाही.

या कादंबरीचा बाहेरचा निवेदक रॉबर्ट वॉल्टन उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेला आहे आणि इंग्लंडमधील बहिणीला तो पत्रे लिहितो. बर्फात सापडलेला शास्त्रज्ञ व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन त्याला आपली कहाणी सांगतो, आणि त्या कहाणीच्या पोटात व्हिक्टरने घडवलेला प्राणी स्वतःची कैफियत मांडतो. म्हणजे ती कैफियत आपल्यापर्यंत येते ती त्याच्या वैऱ्याच्या तोंडून आणि वॉल्टनच्या लेखणीतून. वॉल्टन टिपणे ठेवतो हे कळल्यावर व्हिक्टर ती मागून घेतो, दुरुस्त करतो आणि त्यांत भर घालतो. तीही मुख्यतः शत्रूशी झालेल्या संभाषणांत! आरोपीचा जबाब फिर्यादीने सुधारून दिला असावा, तसा हा प्रकार आहे. तरीही तो जबाब वाचकाचे मन वळवतो. हा पेच एकाच सर्वज्ञ निवेदकाला उभा करता आला नसता, असे मला वाटते.

व्हिक्टरच्या मृत्यूनंतर तो प्राणी जहाजावर येतो आणि वॉल्टन त्याचे बोलणे प्रथमच स्वतःच्या कानांनी ऐकतो. त्याला आधी कणव येते, मग याच्या वक्तृत्वाला भुलू नकोस हा व्हिक्टरचा इशारा आठवून तो कठोर होतो. वाचकाची ओढाताण येथे एका पात्राच्या अंगी दिसते. त्याआधी खलाशी परत फिरण्याची मागणी करतात, तेव्हा महत्त्वाकांक्षेने सर्वस्व गमावलेला व्हिक्टरच त्यांना पुढे जाण्यास चिथावतो; वॉल्टन अखेर परततो, पण भित्रेपणामुळे आपल्या आशा धुळीला मिळाल्या अशी कुरकुर करीत. त्यामुळे ‘ऐकणारा शहाणा झाला’ असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही.

जनमेजयाला वैशंपायनांनी सांगितलेले भारत नैमिषारण्यात सौतींच्या तोंडून ऐकणाऱ्या आणि युद्धाचे वर्तमान संजयाकडून घेणाऱ्या आपल्या परंपरेला कोण कोणाला सांगतो आहे हा प्रश्न नवा नाही. साने गुरुजींनीही ‘श्यामची आई’मध्ये श्यामसमोर रोज रात्री ऐकायला बसणारे आश्रमातील सोबती ठेवलेच.

१९३१च्या प्रसिद्ध चित्रपटात वॉल्टन नाही, आणि त्या प्राण्याची वाचाही गेली आहे. चित्रपटाच्या गरजा वेगळ्या असतील. परंतु मुलांसाठी संक्षिप्त आवृत्त्या किंवा रूपांतरे करणाऱ्यांनी आरंभीची चार पत्रे आणि शेवटचा जहाजावरील भाग पाल्हाळ समजून कापू नये. पाने कमी करायचीच असतील तर व्हिक्टरच्या प्रवासवर्णनांत त्यासाठी भरपूर वाव आहे.

आपला,
एक वाचक, पुणे